विश्लेषण : रणगाडा बनवणाऱ्यांची नोकरी किती काळाची?

लष्करासाठी रणगाडे, चिलखती वाहने आणि ट्रक बनवणाऱ्या सरकारी कारखान्यातील नोकरी म्हणजे एकेकाळी आयुष्यभराची निश्चिंती होती. आता त्याच कारखान्यांतून मुदतीच्या नेमणुकांच्या जाहिराती निघत आहेत. दुसरीकडे, जुने कायम कर्मचारी ‘आपण सरकारचे की कंपनीचे’ या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत आहेत. आठवा वेतन आयोग आणि नव्या कामगार संहिता यांमुळे या प्रश्नाला आणखी धार आली आहे. आयटीआय करून अशा कारखान्यात जाऊ पाहणाऱ्या तरुणांनी ही सगळी परिस्थिती समजून घेणे गरजेचे आहे.

लष्करी वाहने नेमकी कुठे बनतात?

सरकारी क्षेत्रात हे काम मुख्यतः ‘आर्मर्ड व्हेईकल्स निगम लिमिटेड’ (एव्हीएनएल) या कंपनीकडे आहे. तिचे मुख्यालय चेन्नईजवळच्या आवडी येथे असून तिच्याकडे पाच कारखाने आहेत. आवडी येथील अवजड वाहन कारखाना (एचव्हीएफ) हा त्यातील सर्वात महत्त्वाचा. १९६५ मध्ये येथून ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला. पुढे टी-७२ ‘अजेय’, टी-९० ‘भीष्म’ आणि ‘अर्जुन’ हे रणगाडेही येथेच तयार झाले. शेजारीच रणगाड्यांचे इंजिन बनवणारा कारखाना आहे. तेलंगणातील मेडक येथील निर्माणी १९८४ मध्ये सुरू झाली. तेथे पायदळाला घेऊन जाणारी बीएमपी-२ ‘सारथ’ ही चिलखती वाहने बनतात. जबलपूरचा वाहन कारखाना लष्करी ट्रक आणि सुरुंगरोधक वाहनांसाठी ओळखला जातो. पाचवा कारखाना महाराष्ट्रात, अंबरनाथ येथे आहे. १९५३ मध्ये यंत्र-अवजारांचे नमुने बनवण्यासाठी तो उभारला गेला.

याशिवाय चाकांवर चालणाऱ्या लष्करी वाहनांचे संशोधन करणारी ‘डीआरडीओ’ची प्रयोगशाळा अहिल्यानगर येथे आहे. पुण्यातील भारत फोर्जसह टाटा, महिंद्र, अशोक लेलँड, लार्सन अँड टुब्रो या खासगी कंपन्याही या क्षेत्रात आहेत.

कारखान्यात दिवस कसा असतो?

आयुध निर्माणींमध्ये कामाचा आठवडा पावणेपंचेचाळीस तासांचा असतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, ग्राइंडर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, एक्झामिनर अशा ट्रेडनुसार कामगारांची विभागणी असते. एका बाजूला जाड चिलखती पत्रे कापून आणि जोडून रणगाड्याचा सांगाडा (हल) आणि वरचा फिरता भाग (टरेट) तयार होतो. दुसऱ्या बाजूला मोठ्या यंत्रांवर त्यांची छिद्रे आणि बैठका अचूक मापात घडवल्या जातात. मग इंजिन, गिअर, तोफ, वायरिंग, नेमबाजीची उपकरणे बसवली जातात. शेवटी चाचणी मार्गावर वाहन चालवून तपासणी होते आणि गुणवत्ता यंत्रणेच्या शिक्क्यानंतरच ते लष्कराच्या ताब्यात जाते.

प्रत्यक्ष उत्पादनावरील अनेक कामगारांना ‘पीस वर्क’ पद्धत लागू असते. ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा लवकर काम पूर्ण झाले तर जादा रक्कम मिळते. कायद्यानुसार आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झाल्यास दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो. त्यामुळे घरी येणारा पैसा मूळ वेतनाबरोबरच कारखान्यात किती काम आहे यावरही ठरतो. मागणी भरपूर असेल तर ओव्हरटाइम मिळतो, मागणी आटली की तोच पगार लक्षणीय कमी होतो. दिल्लीत रणगाड्यांचा करार झाला का, ही बातमी आवडीच्या कामगार वसाहतीत बारकाईने वाचली जाते, त्याचे कारण हे आहे.

हे काम शिकायला वेळ का लागतो?

चिलखती पोलाद साध्या पोलादासारखे जोडता येत नाही. ते अतिशय कठीण असते आणि जोडाच्या वेळी हायड्रोजन शिरला तर थंड होताना किंवा नंतर काही काळाने तेथे तडे जाऊ शकतात. म्हणून वेल्डिंगची खास कांडी, पत्रा किती तापवायचा, कोणत्या क्रमाने जोड द्यायचे, याची शिस्त पाळावी लागते. सांगाडा वाकडा झाला तर पुढची सगळी जुळणी बिघडते. चूक वरून दिसत नाही, ती तपासणीत किंवा रणांगणावर उघड होते.

जुळणीचेही तसेच आहे. रणगाडे मोटारींसारखे रोज हजारोंनी बाहेर पडत नाहीत. वर्षाला काही डझन किंवा शंभरभर वाहने तयार होतात. त्यामुळे प्रत्येक वाहनात हाताने जुळवण्याचे, तासण्याचे, पुन्हा मोजण्याचे काम जास्त असते. आयटीआयचे प्रमाणपत्र हे या कामाचे प्रवेशपत्र असते, खरे शिक्षण कारखान्यात जुन्या कारागिराच्या हाताखाली होते. आराखडा आणि कार्यपद्धती कागदावर असतात, पण कोणता भाग कुठे अडतो आणि तो कसा सोडवायचा हे ज्ञान माणसांकडून माणसांकडे जाते. नोकरीच्या मुदतीचा प्रश्न येथे फक्त कामगाराचा राहत नाही, तो वाहनाच्या दर्जाशीही जोडला जातो.

आधी बढतीची शिडी कशी होती?

पूर्वी आयुध निर्माणीत लागलेल्या तरुणाला पुढची तीस वर्षे डोळ्यांसमोर दिसत. अर्धकुशल कामगार म्हणून सुरुवात, मग कुशल, त्यानंतर अतिकुशल श्रेणी दोन, श्रेणी एक आणि शेवटी मास्टर क्राफ्ट्समन. परीक्षा देऊन चार्जमन होता येई आणि तेथून ज्युनिअर वर्क्स मॅनेजरपर्यंत पोहोचता येई. यंत्रावर काम सुरू केलेला माणूस अधिकारी म्हणून निवृत्त झाल्याची उदाहरणे प्रत्येक निर्माणीत सापडतात.

सातव्या वेतन आयोगानुसार कुशल कामगाराचे सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये, अतिकुशल श्रेणी दोनचे २५,५००, श्रेणी एकचे २९,२००, मास्टर क्राफ्ट्समन आणि चार्जमनचे ३५,४००, तर ज्युनिअर वर्क्स मॅनेजरचे ४४,९०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता किंवा वसाहतीतील क्वार्टर, वैद्यकीय सुविधा आणि १ जानेवारी २००४ पूर्वी लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना. नंतर लागलेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा (यूपीएस) पर्याय मिळाला. खडकी, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, भद्रावती, अंबाझरी येथील निर्माणींच्या आसपास वाढलेल्या वस्त्यांना ही व्यवस्था चांगली ठाऊक आहे. महाराष्ट्रात एकूण दहा आयुध निर्माणी आहेत.

२०२१ मध्ये काय बदलले?

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ (ओएफबी) बरखास्त झाले. त्याच्या ४१ कारखान्यांची सात सरकारी कंपन्यांत विभागणी झाली. ‘एव्हीएनएल’ ही त्यातील एक. दारूगोळ्याची ‘म्युनिशन्स इंडिया’ पुण्यात आणि ‘यंत्र इंडिया’ नागपुरात मुख्यालय असलेल्या कंपन्या आहेत. सुमारे ७० हजार कर्मचारी एका रात्रीत सरकारी खात्यातून कंपन्यांकडे आले.

ही कल्पना नवी नव्हती. विजय केळकर समितीने २००५ च्या सुमारास आणि पुढे लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डी. बी. शेकटकर समितीनेही कारखान्यांना कंपनीचे रूप देण्याची शिफारस केली होती. सरकारी खाते म्हणून चालणाऱ्या कारखान्यांना स्वतः निर्णय घेता येत नाहीत, उत्पादनाची किंमत जास्त पडते, विलंब होतो आणि दर्जाबाबत लष्कराच्या तक्रारी आहेत, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

कामगार संघटनांनी मात्र याला कडाडून विरोध केला. ऑगस्ट २०१९ मध्ये महिनाभराचा संप पुकारला गेला आणि चर्चेच्या आश्वासनानंतर तो आठवडाभरात मागे घेतला गेला. विशेष म्हणजे डाव्या विचारांचा अखिल भारतीय संरक्षण कर्मचारी महासंघ, काँग्रेसप्रणीत संघटना आणि भारतीय मजदूर संघाशी संलग्न भारतीय प्रतिरक्षा मजदूर संघ हे तिघेही या मुद्द्यावर एकत्र होते. २०२१ मध्ये पुन्हा संपाची तयारी सुरू होताच सरकारने अत्यावश्यक संरक्षण सेवांचा अध्यादेश आणि नंतर कायदा आणला. त्यात बेकायदा संपात भाग घेणाऱ्यास एक वर्षापर्यंत तुरुंगवासाची तरतूद होती.

‘मानीव प्रतिनियुक्ती’चा पेच काय?

कंपन्या झाल्या तेव्हा जुन्या कर्मचाऱ्यांना ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर (डीम्ड डेप्युटेशन) पाठवण्यात आले. म्हणजे काम कंपनीचे, पण दर्जा केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा. सेवाशर्ती बदलणार नाहीत आणि निवृत्तिवेतनाचा भार सरकारच उचलेल, असे सांगण्यात आले. ही व्यवस्था सुरुवातीला दोन वर्षांसाठी होती. त्या काळात कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचे पॅकेज तयार करायचे होते आणि त्यातील शर्ती आधीपेक्षा कमी दर्जाच्या नसाव्यात, अशी अट होती. दोन वर्षे उलटल्यावर मुदतवाढ द्यावी लागली.

संघटनांची मागणी ‘प्रसार भारती’च्या धर्तीवर तोडगा काढण्याची आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शनचे जुने कर्मचारी प्रसार भारतीकडे गेले, पण निवृत्त होईपर्यंत केंद्र सरकारी कर्मचारीच राहिले. तोच न्याय आम्हाला द्या, असे त्यांचे म्हणणे आहे.

हा वाद केवळ प्रतिष्ठेचा नाही. आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजुरी दिली. निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाला १८ महिने देण्यात आले आहेत. जो केंद्रीय कर्मचारी राहील त्याला या आयोगाच्या शिफारशी लागू होतील. जो कंपनीत सामावला जाईल त्याची वेतनवाढ सार्वजनिक उपक्रमांच्या नियमांनी ठरेल आणि तेथे कंपनीची आर्थिक क्षमता हा निकष असतो. ज्या कर्मचाऱ्याची पंधरा-वीस वर्षे सेवा शिल्लक आहे, त्याच्यासाठी हा फरक पगार आणि निवृत्तिवेतन दोन्हींत जाणवणारा आहे.

नवी भरती कशी होत आहे?

जुने कर्मचारी दर महिन्याला निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी येणारे बहुतेक जण वेगळ्या अटींवर येत आहेत. आवडीच्या अवजड वाहन कारखान्याने २०२५ मध्ये १,८५० ज्युनिअर टेक्निशियन पदांची जाहिरात काढली. फिटर, वेल्डर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन असे नेहमीचेच ट्रेड. मात्र नेमणूक करारावर होती. आधी एक वर्ष, मग गरजेनुसार वाढवत जास्तीत जास्त चार वर्षे. मूळ वेतन २१ हजार रुपये आणि त्यावर सार्वजनिक उपक्रमांचा औद्योगिक महागाई भत्ता. दारूगोळा निर्माणींमध्येही ‘कार्यकाळ-आधारित’ कामगारांच्या अशाच भरत्या झाल्या. त्यात महाराष्ट्रातील निर्माणींचाही समावेश आहे.

सैन्यात चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांबद्दल देशभर चर्चा झाली. त्या सैनिकांसाठीचे वाहन बनवणाऱ्यांच्या नेमणुकीची कमाल मुदतही चार वर्षांवर आली, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. दोन्ही योजनांत एक फरकही आहे. अग्निवीरांपैकी २५ टक्क्यांपर्यंत जवानांना कायम करण्याची तरतूद आहे आणि बाहेर पडणाऱ्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा ‘सेवा निधी’ मिळतो, ज्यात निम्मा वाटा त्यांच्या स्वतःच्या वेतनातून कापलेला असतो. मुदतीच्या तंत्रज्ञाला असा ठरावीक वाटा कायम होण्याची हमी नाही.

मग पगारात फरक किती?

फरक मासिक पगारात फारसा नाही, हे समजून घ्यायला हवे. कायम कुशल कामगाराचे मूळ वेतन १९,९०० रुपये. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर ही रक्कम ३१,४४२ रुपये होते. त्यात घरभाडे भत्ता वेगळा. मुदतीच्या तंत्रज्ञाचे मूळ वेतन त्याहून थोडे जास्तच आहे. पहिल्या महिन्याची पगारपावती पाहिली तर नव्या मुलाला आपण मागे आहोत असे वाटणार नाही.

फरक पडतो तो काळानुसार. कायम कामगार मास्टर क्राफ्ट्समनच्या श्रेणीत पोहोचला की याच दराने त्याचे सुरुवातीचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ५५,९३२ रुपये होतात. मुदतीचा तंत्रज्ञ त्या पायरीपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर पडतो. घरासाठी कर्ज मागताना बँक उरलेली सेवा पाहते. लग्न ठरवताना मुलीकडचे ‘नोकरी कायम आहे का’ हेच आधी विचारतात. अठ्ठाविसाव्या वर्षी लागलेला तरुण बत्तिसाव्या वर्षी पुन्हा नोकरी शोधत असेल, तेव्हा अनेक सरकारी भरत्यांची वयोमर्यादा त्याने ओलांडलेली असेल.

नव्या कामगार संहितांनी यात थोडा दिलासा दिला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या या संहितांनुसार मुदतीच्या कर्मचाऱ्याला तेच काम करणाऱ्या कायम कर्मचाऱ्याइतके वेतन आणि लाभ मिळायला हवेत. पूर्वी ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे सेवा लागत असे, आता मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतरच ती मिळू शकते. २१ हजारांचे केवळ मूळ वेतन धरून हिशेब केला तरी चार वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ४८ हजार रुपये होते. भविष्य निर्वाह निधी त्याशिवाय. मात्र ‘तेच काम’ म्हणजे काय, हे ठरवताना वाद होऊ शकतात. मुदत संपल्यावर काम थांबवणे ही कायद्याच्या भाषेत कामगार कपात ठरत नाही, हाही मुद्दा महत्त्वाचा आहे.

शिकाऊ उमेदवारांचे स्थान काय?

आयुध निर्माणींमध्ये दरवर्षी हजारो तरुण शिकाऊ उमेदवार म्हणून घेतले जातात. त्यांना ठरावीक विद्यावेतन मिळते आणि शेवटी राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र (एनएसी). एकेकाळी निर्माणीत शिकलेल्यांना पुढे तेथेच संधी मिळेल, असा सर्वसाधारण समज होता. कायदा मात्र तसे बंधन घालत नाही. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार, करारात तसे नमूद नसेल तर शिकलेल्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक आस्थापनेने शिकाऊंना सामावून घेण्याबाबत स्वतःचे धोरण ठरवावे, असे कलम आले.

याचा परिणाम असा की एकाच शॉपमध्ये शेजारी शेजारी तीन-चार प्रकारचे कामगार उभे असतात. एक केंद्र सरकारचा कर्मचारी, दुसरा कंपनीचा मुदतीचा तंत्रज्ञ, तिसरा शिकाऊ आणि चौथा सामान उचलण्यासाठी, साफसफाईसाठी ठेकेदाराने पाठवलेला. वाहन एकच, पण प्रत्येकाचा पगाराचा नियम, रजा, दवाखाना आणि भवितव्य वेगळे.

व्यवस्थापनाची बाजू काय?

व्यवस्थापनाचा युक्तिवादही समजून घ्यायला हवा. लष्करी वाहनांची मागणी लाटांसारखी येते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ४६४ टी-९० रणगाड्यांची मागणी नोंदवली गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये ११८ ‘अर्जुन एमके-१ए’ रणगाड्यांचा ७,५२३ कोटी रुपयांचा आदेश निघाला. यातून सुमारे आठ हजार जणांना रोजगाराची संधी मिळेल, असे तेव्हा सरकारने म्हटले होते. मार्च २०२५ मध्ये ‘नाग’ क्षेपणास्त्र वाहून नेणाऱ्या वाहनांसाठी सुमारे १,८०० कोटींचा करार झाला. त्याच महिन्यात टी-७२ च्या हजार अश्वशक्तीच्या इंजिनांसाठी रशियाशी २४.८ कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यातील तंत्रज्ञान आवडीला मिळणार आहे. कंपनीची वार्षिक उलाढाल पाच हजार कोटींच्या आसपास पोहोचली आहे.

पण या मागण्या पूर्ण झाल्यावर काय? पूर्वी निर्माणींना लष्कराचे काम थेट मिळत असे. आता स्पर्धेत उतरावे लागते. हलक्या वजनाचा ‘झोरावर’ रणगाडा ‘डीआरडीओ’ने लार्सन अँड टुब्रोबरोबर विकसित केला. टी-७२ ची जागा घेणाऱ्या भविष्यातील रणगाड्याच्या प्रकल्पाला सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली. सुमारे १,७७० वाहनांच्या या प्रकल्पात खासगी कंपन्याही स्पर्धक असतील. उद्या काम मिळाले नाही तर तीस वर्षांसाठी घेतलेल्या कामगारांचे काय करायचे, असा प्रश्न कंपनीला पडतो.

जबलपूरचा अनुभव तिच्यासमोर आहे. तेथे १९५९ मध्ये ‘शक्तिमान’ ट्रकचे उत्पादन सुरू झाले. १९६९ मध्ये स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. शक्तिमान, निसान आणि ‘जोंगा’ या तीन वाहनांनी काही दशके लष्कर चालवले. नंतर ‘स्टॅलियन’ आणि ‘एलपीटीए’ ट्रक आले. गेल्या दशकात संरक्षण मंत्रालयाने असे ट्रक बाजारातून घेता येतील असे ठरवून ते ‘नॉन-कोअर’ यादीत टाकले. यंत्रे आणि माणसे तिथेच होती, पण काम घटले आणि ओव्हरटाइमही गेला.

म्हणजे मागणीतील चढ-उतार हे खरे संकट आहे. प्रश्न एवढाच आहे की त्याचा भार कोणी उचलायचा. पूर्वी तो सरकार उचलत होते. चार वर्षांच्या नेमणुकीत तो कामगाराच्या अंगावर येतो.

खासगी क्षेत्रात संधी किती?

खासगी कंपन्यांचा वाटा वाढत आहे, हे निश्चित. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत फोर्जला ‘कल्याणी एम-४’ या सुरक्षित वाहनांसाठी सुमारे १७८ कोटींची मागणी मिळाली. मार्च २०२५ मध्ये महिंद्र आणि पुण्याच्या फोर्स मोटर्सला मिळून सुमारे पाच हजार हलक्या वाहनांचे काम मिळाले. अहिल्यानगरच्या प्रयोगशाळेबरोबर विकसित झालेले आठ चाकी चिलखती वाहन टाटांची कंपनी मोरोक्कोतही बनवत आहे. तेथील कारखान्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

मात्र खासगी क्षेत्रात लष्करी वाहनांची विभागणी बहुधा मोठ्या वाहन उद्योगाचा लहान भाग असते. तेथील कामगाराला काम घटल्यास दुसऱ्या विभागात हलवता येते, ही जमेची बाजू. सरकारी कारखान्यात मिळणारी बढतीची शिडी आणि वसाहत तेथे सहसा नसते. निर्माणीत चिलखती वेल्डिंग शिकलेल्याला पुणे-चाकण पट्ट्यात किंवा हजिरासारख्या ठिकाणी मागणी असू शकते. त्यासाठी त्याच्याकडे केवळ अनुभव नव्हे, तर तो अनुभव नेमका कशाचा हे सांगणारा दाखला हवा.

इतर देशांनी काय केले?

अमेरिकेत ओहायो राज्यातील लिमा येथे ‘अब्राम्स’ रणगाड्यांचा कारखाना आहे. मालकी सरकारची आणि चालवणारी कंपनी खासगी. २०१२ च्या सुमारास अमेरिकी लष्कराने आपल्याला काही वर्षे नवे काम नको, असे सांगितले. तरीही तेथील संसदेने पैसे मंजूर करून काम सुरू ठेवले. स्थानिक राजकारण हे त्यामागचे एक कारण होते. दुसरा युक्तिवाद असा होता की एकदा वेल्डर आणि जुळारी पांगले की ते पुन्हा गोळा करणे जास्त खर्चिक ठरेल.

ब्रिटनने उलट वाट धरली. न्यूकॅसल येथील कारखाना बंद करण्याची घोषणा २०१२ मध्ये झाली. ज्या विकर्स कंपनीच्या आराखड्यावर भारताने ‘विजयंता’ बनवला, तिचाच वारसा तेथे होता. आता ब्रिटन नवे रणगाडे बांधत नाही. ‘चॅलेंजर-३’ हा जुन्या ‘चॅलेंजर-२’ ची फेररचना करून तयार होत आहे. एक देश कौशल्य टिकवण्यासाठी पैसे मोजतो, दुसरा वाचवलेल्या पैशाची किंमत नंतर मोजतो. भारताने यातील कोणती वाट धरायची, हे स्पष्टपणे ठरवलेले दिसत नाही.

तरुणांनी अर्ज करताना काय पाहावे?

सरकारी कारखान्याचे नाव पाहून अर्ज करण्याआधी जाहिरात नीट वाचावी. नेमणूक नियमित आहे, मुदतीची आहे की ठेकेदारामार्फत, हे पहिले पाहावे. मुदत किती, ती कोणत्या अटीवर वाढते आणि मध्येच सोडल्यास काय, हे तपासावे. वेतन केंद्रीय श्रेणीत आहे की औद्योगिक महागाई भत्त्यावर, भविष्य निर्वाह निधी आणि वैद्यकीय सुविधा आहे का, क्वार्टर मिळणार की भाड्याने राहायचे, याचा हिशेब घरी बसून करावा. अंबरनाथ किंवा भुसावळहून आवडीला जाणाऱ्याला चेन्नईतील भाडे आणि प्रवास हा खर्च मोठा पडतो.

नोकरी मिळाली तर कोणत्या यंत्रावर, कोणत्या प्रकारच्या जोडकामावर किंवा जुळणीवर काम केले याची नोंद असलेला अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. शिकाऊ उमेदवारांनी ‘एनएसी’ परीक्षा टाळू नये. मुदतीची वर्षे चालू असतानाच पदविका किंवा वरच्या कौशल्याचे प्रमाणपत्र मिळवले तर चौथ्या वर्षी हात रिकामे राहत नाहीत. अर्ज कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत.

पुढे काय?

तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागेल. पहिली, जुन्या कर्मचाऱ्यांचा दर्जा. मुदतवाढीवर मुदतवाढ देण्याऐवजी त्यांना निवृत्तीपर्यंत केंद्रीय कर्मचारी ठेवायचे की सन्मानजनक पॅकेज देऊन सामावून घ्यायचे, याचा निर्णय आठव्या वेतन आयोगाचा अहवाल येण्याआधी झाला तर गोंधळ कमी होईल. दुसरी, मुदतीच्या तंत्रज्ञांसाठी कायम होण्याचा एखादा मार्ग. सगळ्यांना कायम करणे शक्य नसेल, तरी कौशल्य चाचणीतून ठरावीक वाटा नियमित करण्याचे धोरण आखता येईल. तसे झाले तर जुने कारागीर निवृत्त होण्याआधी त्यांची विद्या कोणाच्या तरी हातात जाईल. तिसरी, लष्कराच्या मागणीचे वेळापत्रक. पाच-दहा वर्षांच्या मागणीचा अंदाज कारखान्यांना आधी मिळाला तर कामगारांची संख्याही त्याप्रमाणे ठरवता येईल.

आज भरती झालेला ज्युनिअर टेक्निशियन चार वर्षांनी काम शिकून तयार झालेला असेल आणि त्याच वेळी त्याची मुदत संपत असेल. त्याला थांबवायचे की जाऊ द्यायचे, हा निर्णय कारखान्यांना पुढच्या तीन-चार वर्षांतच घ्यावा लागणार आहे.